एका डॉलरचा न्याय

शेजाऱ्याचें ढोर रात्रभर आपल्या जोंधळ्यांत चरलें. आपण फिर्याद करतांच त्यानें तें हांकून नेलें आणि कोर्टास सांगितलें, "ढोर आतां शेतांत नाहीं, मग दावा कशाचा?" अशा जबाबास सारा गांव हंसेल. परंतु अमेरिकेंत जॉर्जिया संस्थानांतील एका सरकारी कॉलेजानें हाच जबाब दिला, आणि खालच्या दोन्ही कोर्टांनीं तो मानला!

हकीकत अशी. २०१६ सालीं जॉर्जिया ग्विनेट कॉलेजांतील एक विद्यार्थी आवारांत आपल्या धर्माचीं पत्रकें वाटीत होता. त्यास अडविण्यांत आलें. परवानगी काढून ठराविक दोन जागींच बोलावें, असा नियम. आणि त्या दोन जागा मिळून आवाराचा एक टक्काही नव्हत्या! त्यानें परवानगी काढली, तरी कोणाची तक्रार आली म्हणून पोलिसानें त्यास गप्प केलें. त्याचा धर्म आम्हांस पटो वा न पटो, हा जुलूमच होय. सरकारी कॉलेज म्हणजे सरकारच; घटनेचें बंधन त्यास आहे.

दावा लागतांच कॉलेजानें नियम बदलला व दावा काढून टाका म्हणून अर्ज केला. अखेर ८ मार्च २०२१ रोजीं सुप्रीम कोर्टानें आठ विरुद्ध एक मतानें ठरविलें कीं, हक्क मोडला तेव्हांच नुकसान झालें. भरपाई एका डॉलरची मागितली तरी दावा चालला पाहिजे.

ज्या कायद्याखालीं हा दावा होता तो १८७१ सालचा. गुलामगिरींतून सुटलेल्या काळ्या लोकांवर गोऱ्या टोळ्या अत्याचार करीत व अंमलदार डोळेझांक करीत. म्हणून अंमलदारांसच कोर्टांत खेंचण्याचा हक्क रयतेस मिळाला. गुलामांस मुक्त करणाऱ्या त्याच देशांतील सज्जनांस जोतीरावांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' अर्पण केली.

आमच्या घटनेच्या १९ व्या कलमानेंही भाषणस्वातंत्र्य दिलें आहे. त्यास वाजवी निर्बंध आहेत. पण ते कायद्यानें घालावयाचे, प्रिन्सिपॉलच्या लहरीनें नव्हेत. २२६ व्या कलमाखालीं हायकोर्टाचा दरवाजा उघडा आहे. उत्पन्न थोडें असेल तर १९८७ च्या कायद्याप्रमाणें वकीलही मोफत मिळतो.

शेतकरी-कारागीर बंधूंनो, पोटाला चिमटा घेऊन तुम्ही मुलगा-मुलगी सरकारी कॉलेजांत घालतां. बोलल्याबद्दल त्यांस काढलें तर साहेबाचे पाय धरूं नका. हुकूम लेखी मागा, नक्कल जपून ठेवा, वकील गांठा. साहेब उद्यां हुकूम मागें घेईल. पण बुडालेलें वर्ष कोण परत देणार? त्याचा जाब विचारल्याशिवाय घरीं बसूं नका.