खोगिराची घाई

दिवाळी सरली कीं आमच्या शिरूरच्या रस्त्यावरून धनगरांचे कळप पश्चिमेकडे जाऊं लागतात. मेंढ्यांच्या मागोमाग घोड्या असतात. त्यांच्या पाठीवर सारा संसार, कोंबड्या, नुकतीं जन्मलेलीं कोंकरें आणि कधीं कधीं एखादें मूलही बसविलेलें असतें. अशा वेळीं वर्गांतील मुलांचें लक्ष फळ्यावर राहत नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंही राहत नाहीं. मात्र आम्ही पाहतों तें घोडीकडे नव्हे, तर तिच्या कुशीला लागून चालणाऱ्या शिंगराकडे. त्याच्या पाठीवर कांहींच नसतें. आई ओझें वाहते आणि तें मोकळें चालतें.

या घोड्यांस भीमथडीचे घोडे म्हणतात. दौंडचा मुलूख ज्या तालुक्यांत मोडत असे, त्याचें जुनें नांवही भीमथडीच होतें. २०२३ सालीं राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें या घोड्याची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली. गोष्ट आनंदाची खरी. परंतु कोणतीही जात नोंदवहींत टिकत नाहीं, ती घरच्या ठाणावर टिकते. म्हणूनच या घोड्याचें शिंगरूं कसें वाढवावें, याविषयीं दोन शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मराठ्यांच्या घोडदळांत स्वारांचे दोन वर्ग असत. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. शिलेदाराचा घोडा हीच त्याची इस्टेट. तो लंगडला तर चाकरी गेली. पुढें इंग्रजी अमलांतही हिंदी घोडदळाच्या पुष्कळ पलटणी याच शिलेदारी पद्धतीवर पहिल्या महायुद्धापर्यंत चालल्या. १७२८ सालीं पालखेडच्या मोहिमेंत पहिल्या बाजीरावानें निजामास जेरीस आणलें, तें मोठ्या तोफखान्याच्या बळावर नव्हे, तर लांबलांबच्या मजला मारणाऱ्या हलक्या घोडदळाच्या बळावर. अशी दमदार जनावरें एका हंगामांत तयार होत नाहींत.

असें कां, याचें उत्तर घोड्याच्या शरीरांतच आहे. मेहनत सुरू केली कीं कांहीं आठवड्यांतच घोड्याचें काळीज आणि फुप्फुसें सुधारतात. स्नायूंस कांहीं महिने लागतात. शिरा, सांधे आणि हाडें यांस मात्र वर्षें लागतात. पायांचीं हाडें तीन वर्षांच्या सुमारास पक्कीं होतात. पाठीच्या कण्याचीं, म्हणजे जेथें आपण खोगीर कसतों तेथलीं, पांच वर्षें उलटून गेलीं तरी पुरतीं जुळलेलीं नसतात. येथेंच मनुष्य फसतो. दोन वर्षांचें शिंगरूं अंगानें भरलेलें दिसतें, दौडतें, थकत नाहीं. मालकास वाटतें, झालें हें तयार. दम आलेला असतो, पण हाड आलेलें नसतें.

आमच्या तालुक्यांत बैलगाड्यांच्या शर्यतींचा शौक मोठा. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या बंद केल्या, आणि १८ मे २०२३ रोजीं त्याच न्यायालयानें राज्याचा नवा कायदा ग्राह्य धरला. आतां घाटांवर पुन्हा गर्दी लोटते. गाड्यापुढें घोडी पळविण्याचीही इकडे रीत आहे. आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरीं जन्मलेली घोडी पुरतीं अडीच वर्षांचीही नव्हती, तोंच तिला अशी पळविली. मुलगा वजनानें हलका म्हणून तिच्यावर त्यालाच बसविलें. दोन यात्रांत तिनें गुलाल आणला. तिसऱ्या यात्रेनंतर तिचा पुढचा पाय सुजला, तो पुन्हा पूर्ववत् झाला नाहीं. घोडी विकली गेली. कोठें गेली, हें मुलानें आम्हांस सांगितलें नाहीं, आणि आम्हीं विचारलेंही नाहीं. तो महिनाभर मागच्या बाकावर बसत होता.

येथें शेतकरी विचारील, "गुरुजी, चार वर्षें जनावर बसवून खाऊं घालावयाचें कोणीं? त्यापेक्षां अकलूजच्या किंवा सारंगखेड्याच्या बाजारांतून तयार घोडा आणणें स्वस्त नव्हे काय?" हा प्रश्न रास्त आहे. घोडी अकरा महिने गाभण राहते, व्याल्यावरही कांहीं काळ तिच्याकडून पुरतें काम घेतां येत नाहीं. कडबा, हरभरा आणि घास यांचे भाव आम्हांसही ठाऊक आहेत. हिशेब केला तर घरचें शिंगरूं महागच पडतें. परंतु बाजारांत घोड्याचें रूप दिसतें, चाल दिसते. त्याचें बाळपण दिसत नाहीं. त्याच्या पाठीवर कोणत्या वर्षीं ओझें पडलें, हें विकणारा सांगत नाहीं. घरच्या शिंगराचा एकएक दिवस मात्र आपल्याला ठाऊक असतो.

शिवाय तीं चार वर्षें रिकामीं जात नाहींत. पहिल्या वर्षीं मोरकीची ओळख, खरारा, आणि नालबंदापुढें पाय उचलून देण्याची संवय. त्यास एकसारखें ठाणावर बांधून न ठेवतां आईबरोबर खडकाळ माळावर हिंडूं द्यावें. चालण्यानेंच हाड घट्ट होतें. दुसऱ्या वर्षीं हातांत दोरी धरून रस्त्यानें, पुलावरून, नदीच्या पाण्यांतून, उसाच्या मालमोटारींजवळून आणि दौंडच्या आगगाडीच्या शिट्टीजवळून न्यावें. तिसऱ्या वर्षीं लांब दोरीवर दोन्ही बाजूंनीं थोडा वेळ काव्यावर फिरवावें, पाठीवर रिकामें खोगीर ठेवावें. चौथें वर्ष पुरें झालें म्हणजे हलका स्वार आणि निव्वळ चाल, मग दुडकी, आणि भरधाव दौड सर्वांच्या शेवटीं. दाणा एकदम वाढवूं नये. त्यानें पोटशूळ उठतो.

हा केवळ आमचा भाबडेपणा नव्हे. लांब पल्ल्याच्या घोडदौडी जगांत जेथें चालतात, तेथेंही हाच अनुभव आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांप्रमाणें १६० किलोमीटरच्या शर्यतींत आठ वर्षांखालील घोड्यास प्रवेशच नाहीं. वाटेंत ठिकठिकाणीं पशुवैद्य नाडी पाहतात; ठरल्या वेळांत ती उतरली नाहीं, किंवा घोडा लंगडतांना दिसला, तर तो कितीही पुढें असो, त्याची शर्यत तेथेंच संपते. अमेरिकेंत १९५५ सालापासून चालणाऱ्या टेव्हिस कप शर्यतींत एका दिवसांत शंभर मैलांची डोंगरवाट तुडवावी लागते. तेथें पहिल्या दहा घोड्यांपैकीं ज्याची प्रकृति शेवटीं उत्तम ठरेल, त्यास वेगळा बहुमान देतात. प्रथम कोण आला हें तर पाहतातच. पण येऊन शाबूत कोण उभा राहिला, हेंही पाहतात.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं ज्यांच्या घरीं घोडी असेल, त्यांनीं घरीं जाऊन एवढेंच सांगावें: चार वर्षांखालील जनावरावर आम्ही बसणार नाहीं. वडील माणसें रागावतील कदाचित्. परंतु मुक्या प्राण्याच्या वतीनें बोलणें हा उद्धटपणा नव्हे.

आणि पालकांस एक विनंती. ख्रिस्ताच्या प्रेषितानें, पौलानें, श्रद्धावंताच्या आयुष्यास शर्यतीची उपमा दिली आहे, आणि ती शर्यत लांब पल्ल्याची आहे. आपलीं मुलेंही चपळ आहेत. आठव्या इयत्तेचें मूल दहावीचें पुस्तक पाठ म्हणून दाखवितें, आणि आपण कौतुकानें आणखी एक शिकवणी लावतों. त्याचा दम आपल्याला दिसतो. त्याचें हाड आलें आहे कीं नाहीं, हें एकदां शांतपणें पाहावें, आणि मगच खोगीर कसावें.