फियाटचे बंद इंजिन



घरोघरी पडून असलेल्या जुन्या वस्तूंविषयी आपण या सदरात बोलत आलो आहोत. या वेळी आलेले पत्र एका आडत व्यापारी कुटुंबाचे आहे आणि वस्तू जरा मोठी आहे. वडिलांनी घेतलेली १९६७ सालची फियाट अकराशे डिलाइट गेली एकोणीस वर्षे गोदामामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. इंजिन जाम आहे, पाना लावूनही फिरत नाही. भाऊ तिघे. थोरल्यांचे म्हणणे, भंगारात द्यावी. मधल्यांना एका गॅरेजवाल्याने सांगितले आहे की, जुने इंजिन फेकून डिझेलचे बसवू, महिन्याभरात गाडी दारात उभी करतो. धाकट्यांना मूळ इंजिनच हवे आहे. वडील पंच्याऐंशी वर्षांचे. ते या वादात काही बोलत नाहीत, मात्र रोज संध्याकाळी शेडपर्यंत फेरी मारून येतात. पत्राच्या शेवटी एकच प्रश्न आहे : हे इंजिन खरोखर संपले आहे काय?

न पाहता कोणीही ‘हो’ म्हणू नये आणि ‘नाही’ही म्हणू नये. जाम झालेले इंजिन बहुधा संपलेले नसते. मात्र जाम झाल्यानंतर त्याच्याशी जी घाई केली जाते, तिने पुष्कळ इंजिने संपली आहेत.

ही गाडी आपल्याला परकी नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. इटलीच्या फियाट कंपनीची अकराशे ही गाडी तेथे १९५४ पासून जोडली जाऊ लागली. वालचंदजी त्याच्या आदल्याच वर्षी निवर्तले होते. १९६४ मध्ये डिलाइट आली आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचे ते दिवस ज्येष्ठ वाचकांना आठवत असतील. इतक्या दीर्घ काळात गाडीचा आराखडा फारसा बदलला नाही, याबद्दल त्या वेळी लोक कुरकुर करीत. आज तीच गोष्ट उपयोगी पडते. इंजिनाचे घराणे एकच राहिल्यामुळे डिलाइटला लागणारे पुष्कळसे भाग पद्मिनीच्या भागांतून निवडता येतात. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. टॅक्सींच्या जिवावर जो माल दुकानांत येत राहायचा, तो यापुढे आटत जाणार हे उघड आहे. काम करायचेच असेल तर ते आणखी दहा वर्षे पुढे ढकलण्यात शहाणपण नाही.

आता इंजिन जाम का होते ते पाहू. या इंजिनात चार सिलिंडर आहेत. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची चाल ७५ मिलिमीटर, एकूण क्षमता १०८९ घन सेंटिमीटर. पिस्टनभोवतीच्या लोखंडी रिंगा सिलिंडरच्या बीडाच्या भिंतीला अंग घासून चालतात आणि दोहोंमध्ये ऑइलचा पातळ थर असतो. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की हा थर ओघळून खाली जातो. इंजिन कोणत्याही स्थितीत थांबले तरी कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा एखादा व्हॉल्व्ह उघडाच राहतो. त्या वाटेने दर पावसाळ्यात दमट हवा आत शिरते आणि रिंग व भिंत गंजाने एकमेकींना चिकटतात. म्हणूनच हेड उघडल्यावर पुष्कळदा असे दिसते की, एक सिलिंडर तांबूस गंजाने भरला आहे आणि शेजारचा आरशासारखा स्वच्छ आहे. चार सिलिंडरांचे इंजिन एका सिलिंडरने अडवून धरलेले असते.

अशा इंजिनाला दुसऱ्या गाडीने ओढून, गिअर टाकून ‘फोडायचा’ प्रयत्न करतात. तसे करू नये. रिंग भिंतीला चिकटलेली असताना बाहेरून जोर आला की रिंगा तुटतात, पिस्टनचे काठ फुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि भिंतीवर असा ओरखडा उठतो की, जे काम साध्या साफसफाईत झाले असते ते ब्लॉक बदलण्यापर्यंत जाते. नवी बॅटरी जोडून स्टार्टर दाबत राहणे हाही त्याच जातीचा उद्योग आहे.

योग्य रीत संथ आहे. चारही स्पार्क प्लग काढावेत आणि त्या छिद्रांतून गंज सोडवणारे पातळ तेल थोडे थोडे आत सोडावे. पुष्कळ मिस्त्री डिझेल आणि ऑइलचे मिश्रण वापरतात, तेही चालते. मग आठ-पंधरा दिवस थांबावे, मधून मधून तेल पुन्हा घालावे. त्यानंतर क्रँकच्या पुढच्या टोकाच्या नटाला पाना लावून किंचित पुढे, किंचित मागे असा दाब द्यावा. केसभर हालचाल झाली तरी ती शुभवार्ता समजावी आणि त्या दिवशी तेवढ्यावर थांबावे. कोणी विचारील, एवढे दिवस कोणाला आहेत? एकोणीस वर्षे उभ्या असलेल्या गाडीला पंधरा दिवस जड नसावेत.

एअर क्लीनर, डिकी आणि सीटखालची जागा आधी पाहून घ्यावी, हे ओघाने सांगतो. बंद गाडीत उंदीर, खारी आणि गांधीलमाश्या हमखास घर करतात. पिले असतील तर ती मोठी होऊन निघून जाईपर्यंत काम थांबवावे. आपल्या वाचकांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

इंजिन सुटले तरी सुरू करण्याची घाई नको. ते उघडलेच पाहिजे. येथे फियाटची एक खोड ध्यानात ठेवावी : ब्लॉक बीडाचा, पण हेड ॲल्युमिनियमचे आहे. मधले स्टड पोलादी. वर्षानुवर्षांच्या ओलाव्याने ॲल्युमिनियम फुलून स्टडना घट्ट धरते आणि हेड निघत नाही. अधीर हात मग फटीत पटाशी नाहीतर स्क्रू-ड्रायव्हर घालतो आणि हेडचा सपाट चेहरा कायमचा बिघडवतो. स्टडभोवती तेल मुरवणे, लाकडी ठोकळा धरून हलके ठोकणे, पुन्हा मुरवणे, एवढाच मार्ग आहे. हेड निघाले की पाण्याच्या छिद्रांभोवती धातू कितपत खाल्ला गेला आहे ते पाहावे. रेडिएटरमध्ये नळाचे साधे पाणी घालण्याची आपली सवय तेथे चांगलीच दिसून येते. थोडे खाल्ले असेल तर आर्गॉन वेल्डिंगने भरून, चेहरा मशिनवर सपाट करून घेता येतो.

यानंतरची पायरी व्यापाऱ्याच्या ओळखीची आहे : माप. मशीन शॉपमध्ये प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी आणि दोन दिशांनी मोजतात. झीज बहुधा वरच्या टोकाशी, जेथे रिंग वळते तेथे अधिक असते. झीज आणि गंजाचे खड्डे मर्यादेत असतील तर सिलिंडर थोडा मोठा कातून, म्हणजे बोअर करून, त्या मापाचे मोठे पिस्टन आणि नव्या रिंगा बसवतात. खड्डे खोल असतील तर सिलिंडरमध्ये नवी स्लीव्ह ठोकून मूळ मापावर परत येता येते. क्रँकचेही तसेच. त्याचे घासलेले गळे दहा-दहा थाऊने, म्हणजे सुमारे पाव मिलिमीटरने, ग्राइंड करून त्या मापाची बेअरिंगे घालतात. जुन्या काळच्या इंजिनकारांनी धातू राखून ठेवला होता. इंजिन आयुष्यात दोन-तीनदा उघडले जाणार, हे त्यांनी गृहीतच धरले होते. आजच्या गाड्यांच्या पुष्कळ इंजिनांविषयी असे म्हणता येत नाही, हे माझे मत मी येथे लपवीत नाही.

किती धातू शिल्लक आहे, याचा पुरावा आपल्या घरांत असू शकतो. जुन्या कीर्द-खतावण्या आपण सहसा टाकत नाही. पत्रलेखक बंधूंनी १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या वह्यांमधले मोटार खर्चाचे पान शोधावे. ‘बोअर २०’, ‘क्रँक १०’ अशी एखादी नोंद सापडली तर मशीन शॉपवाल्याचे अर्धे काम झाले. आधीच ४० पर्यंत बोअर झाले असेल तर स्लीव्हशिवाय गत्यंतर नाही, हे इंजिन उघडण्यापूर्वीच कळेल. वही नसेल तर वडील आहेत. त्यांना ‘गाडी विकू की ठेवू’ असे विचारण्याऐवजी ‘इंजिनाचे काम शेवटी कधी आणि कोणाकडे झाले होते’ असे विचारून पाहावे. जो मनुष्य पहिल्या प्रश्नाला गप्प बसतो, तो दुसऱ्याला तासभर उत्तर देतो.

खर्चाचा अंदाज घेताना तीन आकडे वेगवेगळे मागावेत : सुटे भाग, मशीन शॉपचे काम आणि मिस्त्रीची मजुरी. इंजिन उघडण्याच्या आधी जो एकच गोळा आकडा सांगतो, त्याने माप घेतलेले नसते. पक्के बिल घ्यावे आणि काढलेले जुने भाग पिशवीत परत मागावेत.

मधल्या बंधूंच्या डिझेलचा विचारही न्यायाने करू. एके काळी डिझेल स्वस्त होते, तेव्हा अनेक फियाट-पद्मिनींत डिझेल इंजिने बसवली गेली आणि त्या चालल्या. पण ते इंजिन जड असते, थरथर अधिक, आणि ती पुढच्या सस्पेन्शनला व पत्र्याला सोसावी लागते. शिवाय इंजिन बदलले की आरटीओची परवानगी आणि आरसी पुस्तकात फेरफार आला. सर्वांत मोठी हानी वेगळीच आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नासहून अधिक वर्षे झालेली, व्यवसायासाठी न वापरलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात येतात. आधी नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये ठरले आणि मुदत दहा वर्षांची. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर येते. १९६७ ची डिलाइट वयाने या नियमात बसते. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झाला की ती मूळ स्वरूपातली राहत नाही. वडिलांचा क्रमांक असलेली ती पाटी जपायची असेल, तर मूळ इंजिन हाच मार्ग मला दिसतो. हा मार्ग घेण्यापूर्वी गाडीची सध्याची कागदपत्रे आरटीओत दाखवून नियमांची आजची स्थिती विचारून घ्यावी. भंगाराचा विचार त्यानंतरही करता येतो. भंगारवाला कोठे जात नाही.

महिन्याभरात मात्र हे होणार नाही. पिस्टन मिळवणे, मशीन शॉपमधला नंबर आणि हेडचे वेल्डिंग धरून चार-सहा महिने मनात ठेवावेत. हा काळ वाया घालवू नये. जुने पेट्रोल टाकीतून काढून टाकी आतून साफ करून घ्यावी, नाहीतर गंजाची भुकटी नव्या इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये जाऊन बसते. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यावेत. ब्रेकचे काम इंजिनाच्या आधी संपवावे. गाडी चालू होण्याचा आनंद इतका असतो की, ती थांबते की नाही हे पाहायचे राहून जाते. मास्टर सिलिंडर, चाकांतले सिलिंडर, रबरी होज आणि पाचही टायर नवे असल्याशिवाय पंच्याऐंशी वर्षांच्या गृहस्थांना त्या गाडीत बसवू नये.

जोडलेले इंजिन पहिल्यांदा सुरू करताना प्लग बाहेर ठेवून ते आधी स्टार्टरने थोडे थोडे फिरवावे. ऑइल सर्वत्र पोहोचून डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझला की मगच प्लग लावावेत. पहिले हजार किलोमीटर गाडी हळू चालवावी, चढावर ताणू नये आणि एकाच वेगाने फार वेळ नेऊ नये. पाचशे किलोमीटरनंतर ऑइल बदलावे आणि काढलेले ऑइल पांढऱ्या कापडातून गाळून पाहावे. बारीक काळसर भुकटी दिसली तर काळजी नाही, नव्या रिंगा बसताना ती येतेच. चमकणाऱ्या धातूच्या चकत्या दिसल्या तर गाडी तेथेच उभी करून मिस्त्रीला बोलवावे.