धुराडी पेटण्याआधी

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर घरांना कुलपे लागू लागली असतील. मुकादमाकडून उचल घेऊन झालेली असते. दवाखाना, बी-बियाणे, घरातले एखादे लग्न यांत ती संपूनही गेलेली असते. काही टोळ्या दसरा झाला की निघतात, बाकीच्या भाऊबीज उरकून. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पीठ, भांडी, अंथरुणे, एखादी शेळी आणि लेकरे असा सगळा संसार चढतो आणि सांगली, कोल्हापूर, नाहीतर कर्नाटकाची वाट धरतो. कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी पुण्या-हैदराबादच्या बांधकामांवर. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीने मराठवाड्यातले सोयाबीन शेतातच कुजले. त्यामुळे यंदा गाव सोडणारी कुटुंबे वाढली तर त्यात नवल नाही.

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर शाळांच्या अनुदानाचा विषय काढणे काही वाचकांना रुक्ष वाटेल. आम्ही तो मुद्दाम काढत आहोत. गरिबाच्या लेकराने शिकावे म्हणून सरकार शाळेला चार पैसे जादा देते, हे तत्त्व आता कोणी नाकारत नाही. वाद होतो तो पैसे किती यावर. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात राहून पाहिले की वेगळेच दिसते. पैसा कोणाच्या नावाने येतो आणि कोणत्या महिन्यात येतो, यावर त्या लेकराचे शिकणे बरेचसे अवलंबून असते.

पहिलीत बसलेल्या लेकराचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. जूनमध्ये ते आजीचे बोट धरून येते. गणपतीपर्यंत रडणे थांबते. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत स्वतःचे नाव गिरवते, काना-वेलांटी ओळखू लागते, खडे मांडून वीसपर्यंत मोजते. वाचन आता सुटणार, असे बाईंना वाटू लागते तोच दप्तर खुंटीला लागते. पुढचे पाच-सहा महिने हे लेकरू फडावर. आई-बाप पहाटेच्या काळोखात कोयता घेऊन उसात शिरले की कोपीतल्या तान्ह्या भावंडाची झोळी त्याने हलवायची. थोडे मोठे असेल तर पाणी आणायचे, वाढ्याच्या पेंढ्या बांधायच्या. गुढीपाडव्याच्या आगेमागे ते परत येते तेव्हा शाळेत वर्षाअखेरच्या परीक्षेची तयारी चाललेली असते. शिक्षण हक्क कायद्यामुळे त्याला पहिलीत मागे ठेवले जात नाही, आणि ते योग्यच आहे. पण ते दुसरीत जाते ते दिवाळीपर्यंतची अक्षरेही विसरून. असे तीन-चार हंगाम गेले की वर्गात सर्वांत मागे बसणारे पोर कोण, हे सांगायला पाहणीची गरज उरत नाही. पुढे मुलगा असेल तर त्याच्या हाती कोयता येतो. मुलगी असेल तर घरात तिच्या लग्नाचे बोलणे सुरू होते.

आता या लेकराच्या शाळेत येणाऱ्या पैशाकडे वळू. समग्र शिक्षा ही योजना २०१८ पासून आहे. तिच्यातून शाळेला संयुक्त अनुदान मिळते आणि ते पटावर ठरते. तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार रुपये, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार. तांड्यावरची दोन शिक्षकी शाळा बहुतेक पहिल्याच पायरीवर बसते. त्या दहा हजारांत विजेचे बिल, खडू-डस्टर, हजेरीपट, गळकी तोटी, टाकी धुणे, फिनेल, झाडू, सतरंजी असे सगळे भागवायचे. किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे हा नियम, आणि तो चांगलाच आहे. एवढे झाल्यावर मागे पडलेल्या मुलासाठी गोष्टीची पुस्तके, अक्षरपट्ट्या, मणी-माळा घ्यायच्या तर मुख्याध्यापक खिशात हात घालतात किंवा लोकवर्गणीची वही काढतात. या हिशेबात डोकी मोजली जातात. कोणत्या डोक्यामागचे घर सहा महिने बंद असते, हे त्यात कुठेच येत नाही. ज्या शाळेतली निम्मी मुले दिवाळीनंतर बाहेर जातात तिला आणि ज्या शाळेतले एकही जात नाही तिला, पट सारखा असला तर पैसेही सारखेच मिळतात.

नावानिशी मिळणारा पैसाही आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या गरीब घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थिती भत्ता देण्याचे राज्याने १९९२ मध्ये ठरवले. शाळेत आल्याबद्दल दिवसाला १ रुपया. त्या काळी त्या रुपयाला किंमत होती आणि त्यामागची दृष्टी मोलाची होती. रुपया मात्र वर्षानुवर्षे रुपयाच राहिला. पाचवी ते सातवीच्या मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आली, महिन्याला ६० रुपये. एवढ्या रकमेसाठी जातीचा दाखला, आधार, बँकेचे खाते आणि तालुक्याच्या खेपा कराव्या लागल्या तर मजुरी बुडते ती शिष्यवृत्तीपेक्षा जास्त.

जादा पैसा वाया जातो, असे म्हणणाऱ्यांना आम्ही याच जिल्ह्यातले एक उदाहरण दाखवू. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा २००६ मध्ये मानव विकास मिशनसाठी निवडलेल्या राज्यातल्या १२ जिल्ह्यांत होता. पुढे या मिशनमधून मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी एसटीच्या निळ्या बसगाड्या सुरू झाल्या, आठवीपुढच्या मुलींना सायकली मिळाल्या. सातवीनंतर मुलीची शाळा का सुटते, याचे साधे उत्तर होते: पुढची शाळा लांब आहे आणि वाटेत सोबत नाही. पैसा थेट त्या अडचणीवर खर्च झाला. त्या गाडीतून बारावीपर्यंत पोचलेल्या मुली आज अंगणवाडीत, दवाखान्यात, पोलीस भरतीच्या मैदानावर भेटतात. गाडी वेळेवर येत नाही ही तक्रार आहे आणि ती खरी आहे. तरीही अडचण नेमकी ओळखून खर्च केलेला पैसा फळतो, हे या जिल्ह्याने पाहिले आहे.

लहान मुलांची अडचण अंतराची नाही. त्यांची अडचण हंगामाची आहे. तिच्यावरचा उपायही मराठवाड्यात सापडलेला आहे, तो म्हणजे हंगामी वसतिगृह. आधी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवून पाहिल्या गेल्या. त्यांनी हजारो मुलांना वाऱ्यावर पडण्यापासून वाचवले, त्या कामाबद्दल आम्हाला आदर आहे. पण टोळी फड बदलते, कोपी हलते, शाळा तिथेच राहते. शिक्षण हमी कार्ड आले. ते दाखवून मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसू शकते. कागदावर ही सोय उत्तम. प्रत्यक्षात फडापासून शाळा लांब असते, आणि कर्नाटकात गेलेल्या पहिलीच्या मुलासमोर फळ्यावर कन्नड असते. म्हणून मुलाला गावातच ठेवून घ्यायचे आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाची जबाबदारी शाळेने घ्यायची, हा मार्ग त्यातल्या त्यात शहाणपणाचा ठरला.

त्याला वसतिगृह म्हणत असले तरी बहुतेक ठिकाणी वेगळी इमारत नसते. मुले आजी-आजोबांकडे किंवा चुलत्याकडे झोपतात आणि सकाळ-संध्याकाळ शाळेत जेवतात. दुपारी शालेय पोषण आहार असतोच. स्वयंपाकाला गावातल्याच बाया. भाकरी, वरण, भाजी, भात. संध्याकाळच्या जेवणाआधी गावातला एखादा शिकलेला तरुण किंवा तरुणी त्यांचा अभ्यास घेते. आईच्या फोनची वेळ झाली की एखादे लेकरू ताट सोडून उठते, आणि त्याला कोणी रागवत नाही. आजीला दिसत नाही, चुलीवर दोन-दोन वेळा भाकऱ्या थापणे तिला झेपत नाही; तिची ती ओढाताण या व्यवस्थेने वाचते. नातवाला ठेवून घ्यायला ती तयार होते ती एवढ्याचसाठी. मोठ्या योजनांच्या यादीत ही बाब शेवटच्या ओळीत असते, पण एका लेकराचे वर्ष तिच्यावर तरते.

आणि इथेच पैशाची तारीख आडवी येते. स्थलांतरित कुटुंबांची पाहणी, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद, मग मुंबईची प्राथमिक शिक्षण परिषद असा प्रस्तावाचा प्रवास असतो. मंजुरी खाली यायला उशीर झाला की टोळी निघून जाते. एकदा ट्रॉलीत चढलेले लेकरू डिसेंबरात मंजुरी आली म्हणून परत येत नाही. ठराव करून धीराने वसतिगृह सुरू करणाऱ्या समित्या किराणा दुकानदाराच्या उधारीवर महिनेच्या महिने जेवण घालतात. दुकानदाराचा तगादा सोसतात ते गावातले शिक्षक आणि समितीचे अध्यक्ष. शाळांची अनुदाने आर्थिक वर्षाच्या उत्तरार्धात पोचतात, हे ‘पैसा’ या देशव्यापी पाहणीने दशकाहून अधिक काळापूर्वीच दाखवून दिले होते. सरकारचे वर्ष एप्रिल ते मार्च. या मुलांचे वर्ष दिवाळी ते पाडवा. दोन्हींची गाठ पडत नाही.

आणखी एक बाब आहे, जिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पंच्याहत्तर टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले. वंचित घरांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा दिल्या. याहून चांगली तरतूद सुचवणे अवघड आहे. शाळेचा विकास आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी करावा, असेही नियम सांगतात. म्हणजे साधारण डिसेंबरपर्यंत. ज्यांच्या लेकरांसाठी आराखडा करायचा ते आई-बाप तेव्हा फडावर असतात! बैठकीची नोंदवही भरते, सह्या होतात, आणि ज्या बाईला बोलायचे होते तिची खुर्ची रिकामी असते. हा आराखडा पोळ्याच्या सुमारास झाला तर निदान ती माणसे गावात असतील.

निर्णय मुलाजवळ व्हावा की दूर, याचा धडा गणवेशाने दिला. दोन जोड्यांसाठी सहाशे रुपये, हे पैसे समितीकडे येत आणि समिती गावात कापड-शिलाई बघे. मध्यंतरी, २०१७ च्या सुमारास, पैसे थेट आई आणि मुलाच्या खात्यात देण्याचे ठरले. तेव्हा मिळणाऱ्या चारशे रुपयांसाठी खाते उघडण्याचा खर्चच जड झाला. २०२४-२५ मध्ये साऱ्या राज्याला एकच गणवेश आणि एकाच ठिकाणाहून कापड असा निर्णय झाला. स्वातंत्र्यदिन उलटला तरी कितीतरी शाळांत मुले जुन्याच कपड्यांत होती. आले ते कुणाला आखूड, कुणाला ढगळ. त्या डिसेंबरात सरकारने अधिकार पुन्हा समित्यांना दिले. चूक दुरुस्त केली याबद्दल सरकारचे कौतुकच करायला हवे. पण पोराच्या खांद्याचे माप गावातल्या शिंप्याला ठाऊक असते, हे समजायला एक अख्खे वर्ष जायला नको होते.

दूरदेशीचे उदाहरण इथे कामी येईल. इंग्लंडने २०११ मध्ये शाळांच्या नेहमीच्या अनुदानाखेरीज गरीब विद्यार्थ्यामागे वेगळी रक्कम देणे सुरू केले. शाळेत मोफत जेवण मिळण्याइतकी ज्या घराची कमाई गेल्या सहा वर्षांत कधीही कमी झाली असेल, त्या मुलामागे ती रक्कम शाळेला मिळते. २०२४-२५ मध्ये प्राथमिकच्या मुलामागे ती वर्षाला १,४८० पौंड होती. २०१५ पासून शाळापूर्व वयाच्या मुलांसाठीही अशी रक्कम आली. ती कशी खर्चावी हे शाळा ठरवते, पण काय ठरवले आणि काय साधले हे तिला जाहीर करावे लागते. तिथेही अंदाजपत्रकाची भोके बुजवायला अनेक मुख्याध्यापक हाच पैसा वापरतात, म्हणजे ती व्यवस्थाही निर्दोष नाही. आमच्या कामाचे त्यातले एकच तत्त्व: पैसा इमारतीच्या नव्हे, मुलाच्या मागे चालतो, आणि त्याचा हिशेब सर्वांसमोर असतो.

हे तत्त्व आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले त्यात हाच रोख होता. सरकारचा महसूल राबणाऱ्या रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो, हे त्यांनी स्पष्ट मांडले. तळातल्या मुलांनी शाळेत यावे म्हणून शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्यावीत, असेही त्यांनी सुचवले होते. आणि ज्या कोल्हापूरच्या उसात आज हिंगोलीची लेकरे उभी असतात तिथे शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले होते.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न आम्ही टाळणार नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळलेल्या उसाच्या टनामागे कारखान्यांनी १० रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचे, असे ठरलेले आहे. २०२३-२४ च्या हंगामात राज्यात हजार लाख टनांहून अधिक ऊस गाळला गेला. केवळ कारखान्यांचा वाटा धरला तरी शंभर कोटींहून अधिक रुपये होतात. ज्या गोडीसाठी ही लेकरे वर्ग सोडतात, तिच्यातूनच त्यांचे सहा महिन्यांचे जेवण आणि संध्याकाळचा अभ्यास निघू शकतो.

राहिला तारखेचा प्रश्न. गळीत हंगाम कधी सुरू करायचा हे दर वर्षी मंत्री समितीच्या बैठकीत ठरते. म्हणजे सेनगावच्या एखाद्या तांड्यावरचे कुटुंब कधी निघणार, हे मुंबईत बसलेल्या सरकारला कित्येक दिवस आधी पक्के माहीत असते. आमची मागणी एवढीच आहे: समित्यांचे ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत व्हावेत, आणि ज्या बैठकीत कारखान्यांची धुराडी पेटवण्याची तारीख ठरते त्याच बैठकीत हंगामी वसतिगृहांची रक्कम मंजूर होऊन दसऱ्याच्या आत शाळेच्या खात्यावर जमा व्हावी.