उपकरण घडवणाऱ्यांना जागा द्या

एकच रेणू प्रकाशाच्या साहाय्याने टिपता येतो, हे डब्ल्यू. ई. मोर्नर आणि लोथर काडोर यांनी १९८९ साली आयबीएमच्या आल्माडेन संशोधन केंद्रात दाखवले. त्यातून वाढलेले शास्त्र आपल्याकडेही रुजले आहे. पुणे, मुंबई, बंगळुरूच्या प्रयोगशाळांत आज विद्यार्थी एकेका रेणूचा माग काढत आहेत. पीएच.डी. झाल्यावर त्यांनी जायचे कुठे, याचे उत्तर मात्र आपण अजून दिलेले नाही.

निवड समितीवर बसणाऱ्या प्रत्येकाने एरिक बेट्झिग यांची वाटचाल लक्षात ठेवावी. १९९४ मध्ये त्यांनी बेल लॅब्ज सोडली. रेणू एकेक करून ओळखले आणि त्यांची स्थाने नेमकी मोजली, तर प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाची सुमारे २०० नॅनोमीटरची मर्यादा ओलांडता येईल, ही कल्पना त्यांनी १९९५ मध्ये मांडली. पुढे अनेक वर्षे ते मिशिगनमध्ये वडिलांच्या यंत्रनिर्मितीच्या कंपनीत होते. प्रकाशाने चेतवता येणारी प्रथिने उपलब्ध झाल्यावर त्यांनी व हॅरल्ड हेस यांनी २००५ मध्ये हेस यांच्या दिवाणखान्यात सूक्ष्मदर्शक उभारला. २००६ मध्ये शोधनिबंध आला. २०१४ मध्ये श्टेफान हेल आणि मोर्नर यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. वय चाळिशीपुढचे, संशोधनात मोठा खंड: असा अर्ज आपल्या छाननीत टिकला असता का?

या क्षेत्रात पहिला भरवशाचा डेटा हाती येण्याआधी लेझरचे अलाइनमेंट, टेबलाची कंपने, कव्हरस्लिपवरची नको असलेली चमक, कॅमेऱ्यातला नॉइज यांच्याशी दीर्घकाळ झुंजावे लागते. पाच वर्षांच्या फेलोशिपमधली दोन वर्षे उपकरण उभारण्यात गेली, तर शोधनिबंध कमीच निघणार. केवळ त्या आकड्यावरून उमेदवार जोखणे अन्यायाचे आहे.

सामाईक सूक्ष्मदर्शन केंद्रांची अडचणही जुनीच आहे. कोट्यवधी रुपयांचे उपकरण येते, ते चालवणारा जाणकार मात्र प्रकल्पाच्या मुदतीपुरता, कंत्राटावर. प्रकल्प संपला की तो जातो आणि त्याने कमावलेले ज्ञानही जाते. पुढच्या विद्यार्थ्याला सगळे नव्याने शिकावे लागते.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. प्रत्येक मोठ्या उपकरणासोबत किमान एक कायम वैज्ञानिक पद मंजूर व्हावे. नेमणूक व बढतीत उभारलेली उपकरणे आणि खुले केलेले सॉफ्टवेअर यांनाही शोधनिबंधाइतके वजन मिळावे. वय आणि खंड या कारणांवरून कोणाचाही अर्ज न वाचता बाजूला ठेवू नये.

यातले पहिले पाऊल सरकारी आदेशावाचूनही टाकता येईल. उपकरण चालवणाऱ्याचे काम शोधनिबंधाला आधारभूत असेल, तर त्याचे नाव लेखकांच्या यादीत घ्या. आपल्या पुढच्याच शोधनिबंधापासून ही सुरुवात करा.