वाढवलेला वेग आणि झाकलेला ऐब

मोबाईल दुरुस्तीपाठोपाठ आमच्या अनेक तरुणांनी लॅपटॉपच्या कामातही चांगला हात बसविला आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काम शिकून आलेला मुलगा आपल्या गावी टेबल टाकतो, जुने लॅपटॉप विकत घेतो, साफसूफ करून विकतो. हे हुनर आहे आणि ही कमाई हलाल आहे. या धंद्यातील एका नव्या चालीविषयी मात्र आम्हांस चार शब्द लिहिणे भाग आहे.

खेळांसाठी बनविलेल्या महागड्या लॅपटॉपमध्ये चित्र उमटविणारी वेगळी चिप असते. तिला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा ही चिप जोरात पळविणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. एमएसआय आफ्टरबर्नरसारखे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर घालायचे, पट्टी थोडी उजवीकडे सरकवायची, शंभर-दीडशे मेगाहर्ट्झ वाढतात. गिऱ्हाइकासमोर खेळ चालवून दाखवला की पडद्यावरचा आकडा थोडा मोठा दिसतो आणि सौदा पटतो.

यंत्रमागवाल्या बांधवांना यातील मेख समजावून सांगण्याची गरज नाही. पुली बदलून मागाचा वेग वाढविता येतो. पण सूत कच्चे आणि बेअरिंग तापलेले असेल, तर वाढीव कापड तुटलेल्या धाग्यांतच जाते. लॅपटॉपचे तसेच आहे. टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये कार्डाला स्वतःचा पंखा आणि ऐसपैस जागा असते. लॅपटॉपमध्ये चिप सहसा बोर्डावरच डाख दिलेली असते, आणि बहुधा प्रोसेसर व कार्ड यांची उष्णता त्याच तांब्याच्या नळ्या वाहून नेतात. एकाला तापवले की दुसराही तापतो.

त्यातही विजेचे गणित वेगळे. एनव्हिडियाची आरटीएक्स ३०६० ही लॅपटॉपची चिप घ्या. नाव एकच, पण तिला ६० वॉट द्यायचे की ११५, हे लॅपटॉप बनविणारी कंपनी ठरविते. कमी वॉटच्या यंत्रावर पट्टी कितीही सरकवा, वीजच पुरत नसल्याने हाती फारसे लागत नाही. मग काही धाडसी कारागीर दुसऱ्या मॉडेलचे बायोस त्या चिपमध्ये भरतात. अडॅप्टर आणि बोर्डावरचे भाग त्या वॉटसाठी बनलेले नसतात, आणि कंपनी हमी नाकारू शकते ते वेगळेच.

परदेशी व्हिडिओ पाहून आकडे ठरविणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. या चिपा साधारण ८७ अंशांच्या आसपास पोचल्या की स्वतःच वेग कमी करतात. थंड केलेल्या २२ अंशांच्या खोलीत ६५ अंशांची सवड मिळते. मालेगावच्या मे महिन्यात दुकानात ४२ अंश असतील तर ती ४५ वरच येते. डिसेंबरात दाखवलेला वेग मे महिन्यात कुठून राहणार?

ओव्हरक्लॉकिंग ही लबाडी आहे, असे आमचे म्हणणे नाही. माल ज्याचा, त्याने तो कसा चालवावा हा त्याचा हक्क. २०१५ च्या फेब्रुवारीत एनव्हिडियाने लॅपटॉपच्या चिपांवरची ही सोय ड्रायव्हरमधून काढून टाकली, तेव्हा गिऱ्हाइकांनी एवढा गदारोळ केला की ती परत द्यावी लागली. गिऱ्हाईक सांगून वेग वाढवून घेत असेल तर कारागिराने खुशाल मजुरी घ्यावी. आमचे मत विचाराल, तर आमच्या हवेत उलट काम जास्त फायद्याचे: पंखे साफ करणे, वाळलेली पेस्ट बदलणे, आणि तोच वेग कमी व्होल्टेजवर बसविणे. यंत्र थंड राहते आणि वेगही टिकतो.

प्रश्न आहे तो विकताना गप्प बसण्याचा. सॉफ्टवेअरने वाढवलेला वेग एक बटण दाबताच पूर्ववत होतो, मागे खूण राहत नाही. दोन वर्षे तापवून वापरलेले यंत्र पुसून ठेवले की नव्यासारखे दिसते. धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा दाखविणाऱ्या प्रेषितांचा (स.) प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तो व्यापारी पावसाने भिजल्याचे सांगत होता, म्हणजे ओल त्याने केलेली नव्हती. चूक झाली ती ओले धान्य खाली झाकण्यात. फिकहमध्ये लपलेला ऐब निघाला तर माल परत करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला दिला आहे, तो याचसाठी.

सर्वांत वाईट प्रकार भाजलेल्या चिपचा. २००८ साली एनव्हिडियाच्या लॅपटॉपमधील बऱ्याच चिपा सदोष निघाल्या आणि हमीच्या खर्चासाठी कंपनीला १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. गरम हवा मारली की अशी मेलेली चिप काही दिवस चालते, हे तेव्हापासून प्रत्येक कारागीर जाणतो. तेवढ्या दिवसांत ती विकून मोकळे होणारेही तेव्हापासूनच आहेत.

“आम्ही खरे सांगितले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते,” असे एक दुकानदार आम्हांस म्हणाले. ते खोटे नाही. काही सौदे जातील, आणि भाड्याच्या दुकानात एक सौदाही जड असतो. पण परत आलेल्या लॅपटॉपवरून दुकानात होणारी हुज्जत दहा जण ऐकतात. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. त्यामुळे ‘तोंडी व्यवहार होता’ असे म्हणून सुटका होत नाही.

म्हणून बिलासोबत एक चिठ्ठी द्यावी. वेग किंवा बायोस बदलले आहे काय, चिपला गरम हवा मारली आहे काय, पेस्ट कधी बदलली, आणि अर्धा तास खेळ चालविल्यावर तापमान किती झाले, एवढे तिच्यावर लिहावे. पाच मिनिटांचे काम आहे. तापमान मात्र आतल्या एसीच्या खोलीत घेऊ नये. दुकानाच्या फळीवर, भर दुपारी घ्यावे.