शब्दांच्या गावा : आर्ट्सवाली ताई



परवा मधल्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा माझ्या टेबलापाशी घुटमळत होता. "काय रे?" म्हटलं, तर हळूच म्हणाला, "बाई, आर्ट्स म्हणजे वाईट असतं का? ताईनं अकरावीला आर्ट्स घेतलं, तेव्हापासून घरात कुणी तिच्याशी नीट बोलत नाही."

मी म्हटलं, "चल, आपण त्या शब्दालाच विचारू या, बाबा रे, तू मूळचा कुठला?"

'आर्ट' आपल्याला इंग्रजी वाटतो. पण त्याचं मूळ गाव लॅटिन, म्हणजे जुन्या रोमन लोकांची भाषा. तिच्यात शब्द होता 'आर्स'. वाक्यात त्याचीच रूपं व्हायची 'आर्तिस', 'आर्तेम'. अर्थ काय? कसब, हातोटी! नुसतं चित्र काढणं नव्हे बरं का. वैद्याचं औषध देणं, वक्त्याचं बोलणं, हीसुद्धा 'आर्स'च.

रोमन साम्राज्य पसरलं, तशी लॅटिनही पसरली आणि ठिकठिकाणी बदलत गेली. इटालियन आणि स्पॅनिश लोक म्हणतात 'आर्ते', रोमानियन म्हणतात 'आर्ता'. फ्रेंचांची तर गंमतच! ते शेवटचा 'ट' लिहितात, पण म्हणतात नुसतं 'आर'. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यांच्या फ्रेंचमधले पुष्कळ शब्द इंग्रजीत शिरले, त्यांतलाच हा 'आर्ट'. पुढे १८८७ मध्ये झामेनहॉफ या डॉक्टरांनी एस्परांतो ही नवीच भाषा तयार केली. तिच्यातही तो 'आर्तो' होऊन बसला!

जर्मन भाषेनं मात्र आपला वेगळा शब्द ठेवला, 'कुन्स्ट'. तो 'येणं, जमणं' या अर्थाच्या क्रियापदावरून आला. आपण म्हणतो ना, "मला पोहता येतं"? तसंच. जे येतं, ते कुन्स्ट!

आणखी खोल जाऊ या. 'आर्स'च्या मुळाशी अर्थ आहे 'नीट जोडणं, बसवणं'. आजीचे गुडघे धरले की डॉक्टर 'आर्थ्रायटिस' म्हणतात. तो शब्द ग्रीक भाषेतल्या सांध्यावरून आलाय, पण दोघांचं मूळ एकच. सांधा म्हणजे तरी काय? जोडच की!

आता खरी गोष्ट ऐका. मध्ययुगात युरोपातल्या विद्यापीठांत सात 'आर्ट्स' शिकवत. व्याकरण, तर्कशास्त्र, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र. बी.ए.मधला 'ए' तिथलाच.

"म्हणजे गणितसुद्धा आर्ट्स?" मुलाचे डोळे मोठे झाले.

"हो तर! विषयांच्या भिंती माणसांनी मागाहून घातल्या."

दुसऱ्या दिवशी तो धावत आला. "बाई, बाबांना सगळं सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत. पण जेवताना ताईला म्हणाले, पुस्तकं कुठली आणायची ती यादी दे."

पालकहो, एवढं पुरे असतं.

आणि मुलांनो, या रविवारी एक काम करा. घरातल्या प्रत्येकाला काय छान 'येतं', ते वहीत लिहा. आईची घडीची पोळी, आजोबांचं सायकल दुरुस्त करणं, काहीही. स्वतःचं नाव मात्र विसरू नका हं!

तुमच्या बाई