बोट पडद्यावर, नजर कुठे?



गडावर, लेण्यांजवळ, संग्रहालयात आता टच स्क्रीन, क्यूआर कोड, डोळ्यांना लावायचे व्हीआर चष्मे दिसू लागले आहेत. आपल्या शाळांमध्येही लोकवर्गणीतून, ग्रामपंचायतीच्या निधीतून इंटरॅक्टिव्ह पॅनेल आले. तंत्रस्नेही शिक्षक रात्री जागून व्हिडिओ, चाचण्या, खेळ तयार करत आहेत. हे सगळं चांगलंच आहे. पण या सगळ्यात ‘इंटरॅक्टिव्ह’ हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मूल बटण दाबतं, पडदा बोलायला लागतो, मूल दुसऱ्या बटणाकडे पळतं. याला आंतरक्रिया म्हणायचं का? दारावरची बेल दाबली की आवाज येतो, पण म्हणून बेल आपल्याशी गप्पा मारते असं कुणी म्हणत नाही!

वारसा, इतिहास, कला यांसाठी केलेल्या डिजिटल साधनाकडून माझ्या दोनच अपेक्षा आहेत. त्याने काही सांगण्याआधी मुलाला विचारलं पाहिजे. आणि काम झाल्यावर मुलाची नजर पडद्यावरून मूळ वस्तूकडे परत पाठवली पाहिजे. ही दोन कामं जे साधन करत नाही, ते कितीही महाग असलं तरी मोठा टीव्हीच.

पडदा कुठे हवाच?

काही जण म्हणतील, मग पडदा हवाच कशाला? मुलं आधीच मोबाईलमध्ये बुडालेली आहेत. मला हे टोकाचं वाटतं. काही गोष्टी पडद्याशिवाय दाखवताच येत नाहीत.

वेरूळचं कैलास लेणं घ्या, म्हणजे लेणी क्रमांक 16. आठव्या शतकात, राष्ट्रकूट काळात, ते अखंड कातळातून वरून खाली कोरत आणलं. हे वाक्य मुलं पाठ करतात. पण ‘वरून खाली’ म्हणजे नेमकं काय, हे प्रत्यक्ष वेरूळला उभं राहूनही लगेच कळत नाही. कारण समोर दिसतं ते पूर्ण झालेलं मंदिर. जो दगड काढून टाकला, तो कुठेच दिसत नाही. इथे पडदा कामाचा आहे.

मुलाला आधी नुसता डोंगर दाखवा आणि विचारा, “पहिला घाव कुठे घालशील?” बरीच मुलं खालून सुरुवात करतील, कारण घर पायापासून बांधतात हे त्यांनी पाहिलेलं असतं. करू द्या. मग पुढचा प्रश्न, “आता शिखर कोरायला वर चढणार कसा? आणि वरून पडणारे दगड कुठे पडतील?” तुझ्याच कोरलेल्या खांबांवर की! मूल आपणहून मागे येईल आणि डोंगराच्या माथ्यावर बोट ठेवेल. आता ‘वरून खाली’ हे पुस्तकातलं वाक्य राहिलं नाही, तो त्याचा स्वतःचा शोध झाला. नंतर वेरूळला गेल्यावर, किंवा साधं चित्र पाहतानाही, ते मूल आधी शिखराकडे बघेल.

या खेळात मुलाला चुकायला जागा आहे, हे लक्षात घ्या. ज्या साधनात चुकायला जागाच नाही, तिथे विचार करायलाही जागा नसते. ‘बरोबर’ला टाळ्या आणि ‘चूक’ला लाल फुली दाखवणारी चाचणी हे मूल्यमापन झालं. त्याचीही गरज असते, पण त्याला संस्कृतीची ओळख म्हणू नये.

तसंच, ज्या पोथीची पानं हात लावला तर तुटतील, ती पडद्यावर उलटता येते. ज्या मुलाला गड चढता येत नाही, त्याला गडाचा माथा दाखवता येतो. असा वापर असेल तर कुणी नाही म्हणेल का?

महागडा धडा, आपल्याला फुकट

अमेरिकेतल्या क्लीव्हलंड कलासंग्रहालयाने 2013 मध्ये ‘गॅलरी वन’ नावाचं दालन सुरू केलं. त्यात 40 फूट लांब स्पर्शाची भिंत होती आणि तिच्यावर संग्रहालयातल्या चार हजारांहून अधिक कलावस्तू होत्या. शिवाय खेळ होते. उदाहरणार्थ, एखाद्या शिल्पासारखं उभं राहायचं आणि आपली ढब कितपत जुळली ते यंत्राकडून समजून घ्यायचं. जगभर कौतुक झालं. तरीही 2017 मध्ये संग्रहालयाने त्या दालनातले खेळ नव्याने रचले. टच स्क्रीनऐवजी प्रक्षेपण आणि शरीराची हालचाल ओळखणारी यंत्रणा आणली. हेतू हा की पाहणाऱ्याचं लक्ष हातातल्या पडद्यात न अडकता समोरच्या कलावस्तूवर राहावं.

एवढ्या मोठ्या संस्थेला चार वर्षांत फेरविचार करावासा वाटला. आपल्याकडे शाळेत एकच पॅनेल असतं आणि ते बदलायला पुन्हा निधी मिळत नाही. मग हा धडा आपण आधीच का घेऊ नये? यासाठी एक सोपी ‘नजरेची चाचणी’ करून पहा. मुलं डिजिटल साधन वापरत असताना पाच मिनिटं बाजूला उभे राहा आणि फक्त त्यांचे डोळे पहा. ती वस्तूकडे बघतात का? एकमेकांकडे बघून वाद घालतात का? की सगळे डोळे फक्त पडद्यावर? शेवटचं उत्तर येत असेल तर रचना बदलायला हवी.

न्यूयॉर्कच्या कूपर ह्युइट या डिझाइन संग्रहालयाची गोष्ट वेगळी आहे. नूतनीकरणानंतर डिसेंबर 2014 मध्ये ते पुन्हा उघडलं आणि 2015 पासून तिथे प्रेक्षकाला एक डिजिटल पेन मिळू लागलं. आवडलेल्या वस्तूच्या माहितीफलकावर पेन टेकवलं की ती वस्तू तुमच्या संग्रहात जमा. मोठ्या टेबलांवर स्वतःची नक्षी काढायची आणि एका खोलीत ती भिंतींवर पसरलेली पाहायची. तिकिटावरच्या पत्त्यावरून घरी गेल्यावर आपला संग्रह पुन्हा उघडता येत असे.

मला यात पेनपेक्षा ‘निवड’ महत्त्वाची वाटते. शेकडो वस्तूंमधून मी काय घेऊ? हा प्रश्न पडला की मूल थांबतं, तुलना करतं, मैत्रिणीला विचारतं. ही युक्ती आपल्याला बिनखर्चाची आहे. सहलीला जाताना प्रत्येक मुलाला तीन रिकाम्या चौकटींचा कागद द्या. “इथल्या तीनच वस्तू घरी न्यायच्या, चित्र काढून. आणि त्याच का, ते एका ओळीत लिहायचं.” बस्स. फलकावरची माहिती रांगेत उभं राहून उतरवून घेण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

जात्यावरून संगणकावर

आता आपल्या मातीतलं उदाहरण. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या एक हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या! 2017 मध्ये ‘पारी’ने, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने, हा ठेवा इंटरनेटवर सर्वांसाठी खुला करायला सुरुवात केली. तिथे खेळ नाही, ॲनिमेशन नाही. पण ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे.

वर्गात ही ओवी ऐकवली की मुलं पहिल्यांदा काय शोधतील? आपला जिल्हा! आणि संध्याकाळी घरी जाऊन विचारतील, “आजी, तुला येते का गं एखादी ओवी?” आजी आधी नाही म्हणेल, मग हळूच सुरू करेल. खरी आंतरक्रिया ती. ती आजी आणि नातीमध्ये घडली, संकेतस्थळ नुसती पायरी ठरलं. ‘ही एक लोककला आहे’ एवढं सांगून थांबण्यापेक्षा ‘ही अमुक गावच्या तमुक बाईंची ओवी आहे’ असं सांगणारी रचना मुलाला वारशात स्वतःची जागा दाखवते.

आपल्या गावचा वीरगळ

मग आपण काय करू शकतो? आपल्याकडे लाखोंचा निधी नाही, पण बहुतेकांकडे एक लॅपटॉप, एक मोबाईल आणि गावात एखादा वीरगळ आहे. देवळाच्या आवारात, वेशीजवळ, कधी ओढ्याकाठी उभा किंवा आडवा पडलेला. लढताना मरण आलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभारलेला हा दगड म्हणजे दगडातली चित्रकथाच. साध्या प्रेझेंटेशनमध्ये त्याचा पाठ असा रचता येईल:

1) पहिल्या पडद्यावर फक्त वीरगळाचा स्पष्ट फोटो. माहिती नको, निवेदन नको. “काय काय दिसतं?” मुलं सांगतील ते सगळं फळ्यावर लिहा.

2) दुसऱ्या पडद्यावर त्याचेच कप्पे वेगवेगळे करून विस्कटलेले. मुलांनी गटात क्रम लावायचा. बहुतेक वीरगळ खालून वर वाचतात. खाली पडलेला वीर किंवा लढाई, त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताना, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. पण हे आधी सांगायचं नाही!

3) मग सुगावे. खाली गायी दिसतात का? असतील तर हा माणूस कशासाठी लढला असेल? वर सूर्य-चंद्र का कोरले असतील? ‘जोवर सूर्य-चंद्र आहेत तोवर ही आठवण राहील’, इथपर्यंत मुलांना स्वतः पोहोचू द्या. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला वीरगळांवर जहाजं कोरलेली आहेत, समुद्रातली लढाई आहे. तो फोटो दाखवून विचारा, “आपल्या दगडावर घोडा आणि तिथे जहाज, असं का?”

4) शेवटचा पडदा काळा. त्यावर एकच सूचना: “आता दगडाकडे चला.” सोबत असा प्रश्न, ज्याचं उत्तर फोटोत मिळणार नाही. दगडाची मागची बाजू कशी आहे? कोणता भाग जास्त झिजलाय आणि का?

5) गावातल्या जाणत्या माणसाला मुलांनी विचारायचं, “या दगडाला काय म्हणतात?” कुठे त्याला देव मानून शेंदूर लावतात, कुठे वेगळीच कथा असते. ते उत्तर मोबाईलवर रेकॉर्ड करा. पुढे ग्रामपंचायतीने तिथे क्यूआर कोडची पाटी लावली, तर तिच्यामागे या मुलांचा आवाज असू द्या.

हे करताना काही गोष्टी सांभाळा. एका पडद्यासमोर तीन-चार मुलं हवीत, एकटं मूल नको, कारण वाद घालायला सोबती लागतो. पडदा पहिलीच्या मुलाचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर हवा. भाषा मराठी, आणि घरी अहिराणी, पावरी, गोंडी बोलणारी मुलं असतील तर त्या भाषेतला आवाजही. दृष्टिहीन मुलासाठी मातीची प्रतिकृती करा, बोटांनी कप्पे मोजता येतील अशी. आणि सगळं नेटशिवाय चाललं पाहिजे. रेंज आपल्याला कधी दगा देईल सांगता येत नाही.

पालकांनी पॅनेलसाठी वर्गणी जरूर द्यावी. पण मूल घरी आल्यावर “आज स्क्रीनवर काय दाखवलं?” असं विचारण्यापेक्षा “आज तुला काय विचारलं आणि तू काय म्हणालास?” असं विचारा. महिनाभरात तुम्हालाच कळेल, आपली वर्गणी कुठे गेली.

या साऱ्याचा आग्रह मी का धरते? कारण कित्येक गावांत वीरगळ अर्धे मातीत गाडले गेले आहेत, कुठे त्यांना तैलरंग फासला आहे, कुठे त्यांच्यावर कपडे धुतले जातात. प्रत्येक दगडापाशी पहारेकरी ठेवणं सरकारला शक्य नाही. संग्रहालयातला सर्वांत भारी पडदाही हे थांबवू शकणार नाही. पण ज्या मुलीने सूर्य-चंद्राचा अर्थ स्वतः शोधून काढला आहे, ती त्या दगडावर कपडे आपटू देणार नाही. उद्या रस्ता रुंद करताना जेसीबी आला, तर “हा दगड बाजूला नीट उभा करा” असं सांगणारं गावात कुणीतरी असेल.

या सत्रात आपल्या परिसरातली एकच वस्तू निवडा. वीरगळ, बारव, जुना वाडा, जातं, काहीही. तिच्यावर पाच पडद्यांचा पाठ तयार करा आणि शेवटचा पडदा काळा ठेवायला विसरू नका.